परीक्षेचीच परीक्षा

वैद्यकीय प्रवेशेच्छू विद्यार्थ्यास आपल्या अभ्यासाची चिंता असावी, हे स्वाभाविक आहे. परीक्षेच्या सचोटीचीही चिंता त्याने वाहावी, हे राज्यकर्त्यांना लांच्छनास्पद आहे. ५ मे २०२४ च्या 'नीट' परीक्षेत ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले. १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण मागे घ्यावे लागले. पाटणा व हजारीबाग येथे प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले. मात्र सरसकट फेरपरीक्षा नाकारली. हा निर्णय शिरोधार्यच होय. परंतु निवाड्याने वाद मिटतो, उडालेला विश्वास परतत नाही. तो दरवर्षी चोख परीक्षा घेऊनच संपादन करावा लागेल. एरवी 'मन लावून अभ्यास करा' असे मुलांना कोणत्या तोंडाने सांगावयाचे?