भिंत मालकाची, मग विरूपण कोणाचे?

बालाघाट जिल्ह्यात वकिली करताना एक प्रश्न आमच्यापुढे वेगवेगळ्या पक्षकारांच्या तोंडून पुन्हा पुन्हा आला आहे. त्याचे अलीकडचे रूप असे : जिल्ह्यातील एका लहान शहरात राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांनी आपल्या घराच्या आवारभिंतीवर मराठीत एक पाटी लावली. मजकूर दोनच वाक्यांचा होता : ‘कर दरवर्षी भरतो. नाली अजून नाही.’ चौथ्या दिवशी स्थानिक संस्थेचे दोन कर्मचारी आले आणि ‘हे विरूपण आहे, पाटी काढा’ असे सांगून गेले. गुरुजींनी लेखी आदेश मागितला, तो त्यांच्याकडे नव्हता. जाता जाता एकाने विचारले, ‘और ये मराठी में क्यों लिखा है?’

गुरुजी आमच्याकडे आले ते रागाने नव्हे, गोंधळून. ‘वकीलसाहेब, घर माझं, भिंत माझी, करही माझाच. मग माझ्या भिंतीवर मी काय लिहावं, हे सांगणारे हे कोण?’ हा प्रश्न एका पाटीपुरता नाही. सीमेच्या या बाजूला राहणाऱ्या मराठी माणसाला आपले गाऱ्हाणे आपल्या दारावर, आपल्या भाषेत मांडता येते की नाही, असा तो प्रश्न आहे. आमचे उत्तर स्पष्ट आहे : येते. मात्र हा अधिकार कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे नीट माहीत असल्याशिवाय तो टिकवता येत नाही.

प्रथम ‘विरूपण’ हा शब्द पाहू. विरूप म्हणजे ज्याचे मूळ रूप बिघडले आहे ते. महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे आणि तेथे ‘विद्रूपीकरण’ हा शब्द रुळला आहे. मध्य प्रदेशात त्या आधीच्या वर्षीचा, म्हणजे १९९४ चा ‘संपत्ति विरूपण निवारण अधिनियम’ लागू आहे. निवडणुका जवळ आल्या की जिल्हाधिकारी याच कायद्याच्या आधारे आदेश काढतात आणि दस्ते भिंती पुसत फिरतात. त्यामुळे भिंतीवर काही लिहिले की गुन्हा झाला, अशी समजूत सर्वसामान्यांत आणि कर्मचाऱ्यांतही पक्की झाली आहे. ती चुकीची आहे. या अधिनियमाचे कलम ३ हजार रुपयांपर्यंतच्या दंडाला पात्र ठरवते ते अशा व्यक्तीला, जी ‘संपत्ति के स्वामी की लिखित अनुज्ञा के बिना’ लोकांच्या नजरेस पडणारी मालमत्ता शाई, खडू, रंग वा अन्य पदार्थाने विरूप करते. म्हणजे या कलमाची सारी भिस्त ‘स्वामी’ या शब्दावर आहे. दुसऱ्याने येऊन आपली भिंत रंगवू नये, यासाठी कायद्याने मालकाला दिलेले हे संरक्षण आहे. त्याच कलमाचा उपयोग मालकाचे तोंड बंद करण्यासाठी करणे म्हणजे घराच्या राखणदाराने घरमालकालाच दाराबाहेर उभे करणे होय. जो स्वतः स्वामी आहे, त्याने स्वतःची लेखी अनुज्ञा कोणाकडून घ्यायची?

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. उद्या प्रत्येकाने आपापल्या भिंतीवर लिहायचे ठरवले तर शहराच्या सौंदर्याचे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शहर नेटके असावे असे आम्हालाही वाटते. पण संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(क) ने दिलेल्या भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी निर्बंध घालता येतात, याची यादी अनुच्छेद १९(२) मध्ये बंदिस्त आहे : देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. या यादीत ‘सौंदर्य’ नाही. ‘सर्वसाधारण जनतेचे हित’ हे शब्दही नाहीत. ते अनुच्छेद १९(६) मध्ये आहेत आणि तो अनुच्छेद धंदा-व्यवसायाबद्दल आहे.

हा भेद सर्वोच्च न्यायालयाने ज्या निकालात ठळकपणे मांडला, तो एका मराठी वृत्तपत्राचा आहे, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. १९६० मध्ये केंद्र सरकारने दैनिकांची पाने आणि किंमत यांची सांगड घालणारा आदेश काढला. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्याला आव्हान दिले. लहान वृत्तपत्रांना संरक्षण मिळावे यासाठी, म्हणजे जनहितासाठी, आम्ही हे करतो, असा सरकारचा बचाव होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही. अभिव्यक्तीवर निर्बंध घालायचा असेल तर त्याचे कारण १९(२) मध्येच सापडले पाहिजे; जनहित हे कितीही चांगले कारण असले तरी ते व्यवसायाच्या कप्प्यातून काढून अभिव्यक्तीच्या कप्प्यात घालता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. दुकानाच्या जाहिरातीचे नियमन होऊ शकते आणि मध्य प्रदेशात त्यासाठी २०१७ चे बाह्य जाहिरातींचे नियमही आहेत. पण ‘नाली अजून नाही’ ही जाहिरात नव्हे. तिच्यातून गुरुजी काही विकत नाहीत.

दुसरा निकाल तर आमच्या जवळपासचाच आहे. उद्योगपती नवीन जिंदाल रायगढ येथील आपल्या कारखान्याच्या आवारात राष्ट्रध्वज फडकवीत असत. रायगढ आज छत्तीसगडमध्ये आहे, तेव्हा ते मध्य प्रदेशात होते. ध्वजसंहितेप्रमाणे खासगी व्यक्तीला हे करता येत नाही, असा आक्षेप अधिकाऱ्यांनी घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २३ जानेवारी २००४ रोजी निकाल लागला. सन्मानपूर्वक ध्वज फडकावणे हा अभिव्यक्तीचाच भाग आहे, असे न्यायालयाने मानले. हा अधिकार अनिर्बंध नाही, हेही त्याच निकालात सांगितले. आमच्या दृष्टीने त्यातील अधिक महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. ध्वजसंहितेतील ज्या सूचना शासनाने केवळ प्रशासकीय म्हणून काढल्या आहेत, त्या ‘कायदा’ नाहीत आणि म्हणून त्यांच्या आधारे मूलभूत अधिकारावर मर्यादा घालता येत नाही. याआधी १९८६ मध्ये केरळमधील बिजो इमॅन्युएल प्रकरणातही, राष्ट्रगीत गाण्यासंबंधीच्या खात्याच्या परिपत्रकांना कायद्याचे पाठबळ नाही, या मुद्द्याला न्यायालयाने असेच महत्त्व दिले होते. केंद्र सरकारच्या छापील सूचना जेथे अपुऱ्या पडल्या, तेथे दोन कर्मचाऱ्यांच्या तोंडी सांगण्याला किती वजन द्यायचे, हे वाचकांनीच ठरवावे.

घर आणि फलक यांचा थेट वाद पाहायचा असेल तर अमेरिकेकडे पाहावे लागते. सेंट लुईसजवळच्या लड्यू या उपनगरात एका महिलेने डिसेंबर १९९० मध्ये आखाती युद्धाला विरोध करणारा फलक आपल्या अंगणात लावला. नगराच्या नियमानुसार घराची ओळख सांगणाऱ्या किंवा घर विकायचे आहे असे सांगणाऱ्या पाट्या चालत, हा फलक मात्र चालत नव्हता. नगर परिषदेने सवलत नाकारली. बाई न्यायालयात गेल्या आणि वरच्या मजल्याच्या खिडकीत त्यांनी साध्या कागदाच्या आकाराचा शांततेचा फलक लावला. १९९४ मध्ये ‘सिटी ऑफ लड्यू विरुद्ध गिलिओ’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने कौल दिला. घरावरचा फलक स्वस्त असतो, सोपा असतो आणि बोलणारा कोण आहे हेही तो सांगतो. तोच मजकूर अन्यत्र लावला तर त्याचा अर्थ तसाच राहत नाही, असा तेथील विचार होता. परदेशी निकाल आपल्यावर बंधनकारक नाही. पण हा विचार आपल्या गल्लीतही तितकाच खरा आहे. जी नाली नाही, ती ज्या घरासमोर नाही, त्याच घरावर पाटी असण्याला अर्थ आहे.

आता भाषेचा मुद्दा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशातून विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. भंडाऱ्याशी आणि आजच्या गोंदियाशी असलेले आमचे सोयरसंबंध तसेच राहिले, कचेरीची भाषा तेवढी बदलली. लांजी, कटंगी, वारासिवनी या भागांत मराठी घरात बोलली जाते, पण घराबाहेर ती लिहायला माणूस बिचकतो. ‘मराठी में क्यों लिखा है’ या प्रश्नाला उत्तर संविधानातच आहे. अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत शासनाकडे निवेदन करण्याचा हक्क आहे. जे अर्जात लिहिता येते, ते स्वतःच्या भिंतीवर लिहिता येऊ नये, याला कोणताही तर्क नाही.

येथे आम्हाला आपल्याच लोकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली गोष्ट बेळगावजवळच्या येळ्ळूरची. ‘महाराष्ट्र राज्य’ असे लिहिलेला तेथील फलक जुलै २०१४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर प्रशासनाने हटवला, गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला आणि तो पुन्हा काढताना पोलिसांनी लाठीमार केला. त्या लाठीमाराचा निषेध आम्ही तेव्हाही केला, आजही करतो. परंतु वकील म्हणून हेही सांगितले पाहिजे की गावाच्या वेशीवरचा फलक आणि घराच्या भिंतीवरची पाटी ही कायद्याच्या नजरेत दोन वेगळी प्रकरणे आहेत. सार्वजनिक जागा सर्वांची असते, म्हणून तेथे प्रशासनाचा अधिकार मोठा असतो. आपल्या उंबऱ्याच्या आत तो आक्रसतो. भावनेच्या भरात हा भेद विसरलो तर जिंकता येणारी लढाई आपण हरतो.

दुसरी गोष्ट अकोला जिल्ह्यातील पातूरची. तेथील नगर परिषदेच्या फलकावर मराठीखाली उर्दूत नाव होते. ते काढावे, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी फेटाळली. महाराष्ट्रातील काही बांधवांना हा निकाल रुचला नाही. आम्हाला तो आधाराचा वाटतो. जो न्याय पातूरमध्ये उर्दूला मिळतो, तोच बालाघाटात मराठीला मागता येतो. सीमेपलीकडे इतरांच्या पाट्यांना काळे फासले जाते, तेव्हा त्याची किंमत सीमेच्या अलीकडे आम्हाला मोजावी लागते.

मर्यादा थोडक्यात अशा. पाटी आपल्या हद्दीतच असावी. रस्त्यावर झुकणारी, रहदारीला अडथळा करणारी नसावी. विजेचा खांब, झाड, शासकीय भिंत यांना हात लावू नये. भाडेकरूने मालकाची लेखी संमती जवळ ठेवावी. ‘नाली नाही’ हे वस्तुस्थितीचे कथन आहे. ‘अमुक अधिकारी चोर आहे’ ही अब्रुनुकसानी ठरू शकते. आचारसंहितेच्या काळात पक्ष वा उमेदवार यांचा उल्लेख टाळावा. कोणी पाटी काढा म्हटले तर भांडू नये. पाटीचे तारखेसह छायाचित्र घ्यावे आणि कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली हे सांगता, ते लेखी द्या, एवढेच नम्रपणे म्हणावे. लेखी नोटीस आली तर मुदतीत उत्तर द्यावे. तेवढ्यानेही भागले नाही तर अनुच्छेद २२६ खाली जबलपूरच्या उच्च न्यायालयाचा दरवाजा उघडा आहे.

गुरुजींना आम्ही हेच सांगितले. त्यांनी एक अर्ज लिहिला, मराठीत, आणि सोबत हिंदी अनुवाद जोडला. कोणत्या कलमाखाली पाटी काढायची, एवढे त्यांनी विचारले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. पाटी जागेवर आहे. नालीचे काम सुरू झाले की ती आपण स्वतःच उतरवू, असे गुरुजी म्हणतात.