बापालाही सोबत हवी

जबलपूरमध्ये महाराजपुरासारख्या वस्तीत राहून आयुध निर्माणीत पाळ्या करणारा नवा बाप डोळ्यांसमोर आणा. केंद्र सरकारी नियमानुसार आईला 180 दिवसांची प्रसूती रजा मिळते, बापाला पितृत्व रजा 15 दिवसांची. ती संपली की पाळी सुरू. दूध प्यायलेलं बाळ खांद्यावर घेऊन ढेकर येईपर्यंत पाठ कशी थोपटायची, पहाटे तीनला रडणं थांबेना तर आधी काय पाहायचं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. बारशाला मित्र पेढे मागतात. झोप होते का, असं कुणी विचारत नाही. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात 2010 साली आलेल्या आढाव्यात, गर्भारपणापासून बाळ वर्षाचं होईपर्यंतच्या काळात सुमारे 10 टक्के वडिलांमध्ये नैराश्य आढळलं. सर्वाधिक प्रमाण होतं बाळाच्या तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, म्हणजे रजा केव्हाच संपल्यावर. आईचं नैराश्य आणि बापाचं नैराश्य यांचाही एकमेकांशी संबंध दिसला. म्हणून बापाला आधार देणं हे आईच्या वाट्याचं काढून घेणं नव्हे. त्यानं घर सावरतं. जबलपुरात मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, गणेशोत्सवाला एकत्र येत आहेत. तिथल्या मंडळांनी महिन्यातून एक संध्याकाळ नव्या बापांसाठी राखावी. दोन वर्षांपूर्वी या दिवसांतून गेलेल्या बापानं बोलायला सुरुवात करावी, लंगोट बदलायला शिकवावं. आणि कुणाची उदासी आठवडे उलटूनही हटत नसेल, तर त्याला डॉक्टरकडे सोबत न्यावं.