अधिकार मिळाला, आधाराचे काय?

मुंबई, प्रतिनिधी – गर्भात व्यंग आढळल्यास निर्णय कोणाचा, हा प्रश्न २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला, तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली. गर्भाच्या हृदयातील गंभीर दोष एका दांपत्याला कळला, तोवर गर्भपातासाठीची २० आठवड्यांची मुदत उलटली होती. न्यायालयाने परवानगी नाकारली. व्यंग शोधणारी सविस्तर सोनोग्राफी साधारणतः १८ ते २० आठवड्यांदरम्यान होते. साहजिकच निदान हाती येईपर्यंत मुदत संपत आलेली असे.

२०२१ च्या दुरुस्तीने ही अडचण बऱ्याच अंशी दूर केली. वैद्यकीय मंडळाने लक्षणीय व्यंगाचे निदान केल्यास आता मुदतीचे बंधन नाही. जानेवारी २०२३ मध्ये तर मंडळाचे मत प्रतिकूल असतानाही, ३२ आठवडे उलटलेल्या गर्भाबाबत निर्णयाचा अधिकार त्या महिलेचाच असल्याचा निर्वाळा याच न्यायालयाने दिला.

अधिकाराची बाजू अशी भक्कम झाली असली, तरी 'लक्षणीय' व्यंग कशाला म्हणावे, याची यादी कायद्यात नाही. कवटी व मेंदूची वाढच न झालेला गर्भ जन्मानंतर जगू शकत नाही. डाऊन सिंड्रोम असलेली व्यक्ती मात्र शिकू शकते, काम करू शकते, अनेकदा साठीपर्यंत जगते. निदानाच्या धक्क्यात हा फरक पुसला जातो. त्याच सोनोग्राफीत लिंग सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा ठरवले, कारण मुलगी नको असण्यामागचा पूर्वग्रह समाजाने ओळखला. अपंगत्वाविषयीचा पूर्वग्रह आपण अद्याप तितक्या स्पष्टपणे ओळखलेला नाही, हा अपंग हक्क चळवळीचा आक्षेप म्हणूनच गांभीर्याने घ्यावा लागतो.

याचा अर्थ महिलेवर सक्ती करावी, असा नव्हे. अशा मुलाच्या संगोपनाचा भार बहुधा आईवरच पडतो. 'आमच्या माघारी याचे कोण पाहणार?' हा पालकांचा प्रश्न खराच आहे. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना १८ व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही दिला. तो हक्क शाळेच्या दारात अडत असेल, तर पालकांपुढे निवड उरते कुठे?

अहवाल हाती देताना पालकांना उपचार, शिक्षण आणि अशा मुलांना वाढवणाऱ्या कुटुंबांचा अनुभव यांचीही माहिती मिळायला हवी. अन्यथा निर्णय घरचे घेतील, पण तो घडवलेला असेल भीतीने.