पसंतीक्रम

बारावीचा निकाल लागला की घरी दोन प्रकारची माणसे येतात. पहिल्या प्रकारची मार्क विचारतात आणि पेढा खातात. दुसऱ्या प्रकारची पेढा खातात आणि विचारतात, "आता कुठे घालणार?" जणू पोरगी म्हणजे लोणच्याची बरणी, फळी तेवढी ठरवायची राहिली आहे! ही दुसऱ्या प्रकारची माणसे अधिक धोक्याची. उत्तर ती घरूनच आणतात.

"सर, पोरींच्याच कॉलेजात घाला," समोरचे काका म्हणाले. "जिवाला घोर नाही."

मी काकांना व्याख्यान दिले. वेगळ्या शाळा-कॉलेजांची गरज होती ती मागच्या शतकात, आता मुलामुलींनी एकत्रच शिकले पाहिजे, वगैरे वगैरे. तास घेण्याची सवय असल्यामुळे ते बरेच लांबले. काकांनी तेवढ्यात तीन पेढे संपवले. पण खरे सांगायचे तर त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या 'जिवाला घोर नाही' हेच शब्द मला गोड वाटत होते. ही गोष्ट मी सौभाग्यवतींनाही सांगितली नाही.

आमच्या घरात या प्रश्नाला इतिहास आहे. मातोश्रींनी पुढे शिकायचे म्हटले तेव्हा आजोबांनी एकच अट घातली होती, कॉलेज मुलींचे हवे. हिस्लॉप १८८३ सालचे, मॉरिस १८८५ सालचे, दोन्ही थोर कॉलेजे. पण तिथे मुलगे होते, त्यामुळे आजोबांच्या लेखी ती नव्हतीच. सुदैवाने १९३२ साली, नागपूर मध्य प्रांताची राजधानी असताना, इथल्या वूमेन्स एज्युकेशन सोसायटीने मुलींसाठी कॉलेज काढून ठेवले होते. तेच लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय. एवढे लांब नाव कोण घेतो? सारे गाव एल.ए.डी. म्हणते, आणि आता मेट्रोच्या स्टेशनलाही तीच तीन अक्षरे आहेत. आई महालातून सायकलने जाई. बी.ए. झाली. आमच्या घरात पुस्तकांचे पहिले कपाट आले ते तिच्यामुळे, आणि मी मराठीचा प्राध्यापक झालो तोही त्या कपाटामुळेच.

चिरंजीव कन्येला मात्र माझ्या विषयाशी कर्तव्य नव्हते. असते तर महालातच बिंझाणी महिला महाविद्यालय आहे, चपला घालून निघावे आणि पोचावे. कर्व्यांनी १९१६ साली काढलेले महिला विद्यापीठही होते, पण मुंबई-पुण्याचे वसतिगृह म्हटल्यावर मातोश्री उपवासालाच बसल्या असत्या. कन्येला हवे होते इंजिनीअरिंग. हल्ली हे अगदी घरोघरी आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी अशा प्रवर्गांतल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांत मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी २०२४-२५ पासून सरकारने माफ केली, तेव्हापासून आमच्या गल्लीत 'मुलगा इंजिनीअर, मुलगी बी.ए.' ही जुनी वाटणी मोडत चालली आहे.

इंजिनीअरिंगमध्येही नागपूरला मुलींचे कॉलेज आहे. कमिन्स. तेही कर्व्यांच्याच पुण्याच्या संस्थेचे. गंमत पाहा, कर्व्यांनी १९०० साली झोपडी बांधली ती पुण्याबाहेर हिंगण्याला, आणि आमच्याकडचे हे कॉलेज हिंगणा तालुक्यात. गावाचे नाव सुकळी (गुपचूप). मातोश्री हसून म्हणाल्या, "आम्हाला जन्मभर गुपचूप बसायलाच शिकवलं रे!"

मी आणि कन्या स्कूटरवरून कॉलेज पाहून आलो. मी फाटक पाहिले, पहारेकरी पाहिला, कुंपणाची भिंत पाहिली, बसची चौकशी केली. कन्येने फक्त वर्कशॉप कुठे आहे तेवढे विचारले.

रात्री जेवताना सौ.ने तोंड उघडले. ती मुलामुलींच्या कॉलेजात शिकलेली. "उद्या नोकरीत बायांना वेगळ्या खोलीत बसवणार आहेत का? आताच सवय नको?"

हे बोलणे अगदी बिनतोड. मी मान हलवली. मी त्या आठवड्यात सगळ्यांच्याच बोलण्यावर मान हलवत होतो.

"दोन वर्षं सवयच केली," कन्या म्हणाली. "प्रॅक्टिकलला चौघांचा गट. तीन मुलगे नि मी. सर्किट ते जोडायचे, रीडिंग मी लिहायची. माझं अक्षर चांगलं आहे ना! दोन वर्षांत एकदाही वायर हातात आली नाही."

"मागायची होतीस."

"मागितली ना. म्हणे, थांब, शॉक लागेल. दोन व्होल्टच्या सेलचा!"

सौ. हसली. मला हसता आले नाही. ते अक्षर मी घटवून घेतले होते. दर उन्हाळ्यात, सकाळी सात ते आठ, दुरेघी वहीवर.

"आणि बाबा, तुमच्या गॅदरिंगला मी आली होती. तुमच्या वर्गात मुली किती?"

"तीस-एक."

"मुलं?"

"सहा."

"माइकवर कोण होतं?"

मी आठवू लागलो. माइकवर त्या सहांतला एक होता. पडदा, दिवे, पाहुण्यांना आणणे हे उरलेल्या पाचांनी वाटून घेतले होते. तीस मुलींनी रांगोळी काढली, ओवाळले, गुच्छ दिले. कामांची यादी माझ्या हातची होती. दर वर्षी तीच असते, मी फक्त नावे बदलतो. या माणसाने काकांना सहशिक्षणावर व्याख्यान दिले होते!

दुसऱ्या दिवशी कन्येने अर्ज भरला. पसंतीक्रम एक, मुलींचे कॉलेज. दोनपासून खाली सगळी सौ.च्या मनासारखी. सौ.चे म्हणणे अजून बदललेले नाही. चार वर्षांनी बघू, म्हणते. काकांना वाटते मी त्यांचा सल्ला मानला, आणि ते गल्लीभर तसे सांगतात. मी खुलासा केलेला नाही.

पहिल्याच क्रमांकावर नंबर लागला. परवा संध्याकाळी कन्या घरी आली ती तळहाताला फोड घेऊन. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा असतो म्हणे. नखांत काळे भरलेले. आईने हळद लावली आणि लक्ष्मीपूजनापर्यंत ही नखे साफ होतील का, याची काळजी करत बसली.

"कार्यक्रम होतात का गं तिकडे?" मी विचारले.

"होतात ना."

"मग रांगोळी कोण काढतं?"

"आम्हीच."

"आणि माइक?"

"तोही आम्हीच, बाबा. दुसरं आहे कोण तिथे?"