चकचकीत फाइल नको, खेळता येईल असा डाव हवा

सत्र संपत आलं की आमच्या सोलापुरात झेरॉक्सच्या दुकानांसमोर मुलांची गर्दी होते. नेटवरून उतरवलेली माहिती, रंगीत प्रिंट, वर प्लास्टिकचं कव्हर, झाला प्रकल्प! गुण बहुतेक वेळा पालकांच्या खिशाला मिळतात.

माझं म्हणणं आहे की आठवी-नववीच्या मुलांना सत्राअखेरीस एक खेळ तयार करायला सांगावा. त्यावर पहिला प्रश्न येतो, "सर, कॉम्प्युटर कुठून आणायचे?" अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळांना केंद्राकडून 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. 'स्क्रॅच' तर फुकट आहे. सोय असेल त्यांनी जरूर वापरावी. पण खेळ पडद्यात नसतो, नियमांत असतो. मुघल गंजिफात 96 पत्ते होते. सावंतवाडीच्या चितारींनी पत्त्यांवर दशावतार रंगवले आणि डाव 120 पत्त्यांचा झाला. त्याला कुठली लॅब लागली?

मी भाषा शिकवतो, म्हणून सांगतो, खेळाचे नियम लिहिणं निबंधापेक्षा अवघड असतं. फासा पटाबाहेर पडला तर? दोघं एकाच घरात आले तर? वाक्य ढिलं राहिलं की भांडण ठरलेलं. हेच नियम उर्दूत आणि मराठीत लिहायला लावले, की शह, मात, वजीर, बाजी हे शब्द दोन्हीकडचे आहेत हे मुलांना आपोआप कळतं. त्यासाठी एकात्मतेवर भाषण द्यावं लागत नाही.

आता खरा मुद्दा. आपल्या कितीतरी मुलांच्या अम्मी घरी विड्या वळतात. समजा एखाद्या मुलीने त्यावरच खेळ केला. हजार विड्या झाल्या की मजुरी. पान खराब निघालं, एक घर मागे. तपासणीत विड्या बाजूला काढल्या, मेहनत वाया. दोन-तीनदा खेळल्यावर मैत्रीण म्हणेल, "यात वळणारी कधी जिंकतच नाही." मग त्या मुलीला ठरवावं लागेल, कुठला नियम बदलला तर ती जिंकेल? नियम आभाळातून पडत नाहीत, कुणीतरी ते करतं आणि ते बदलता येतात, हे नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा इथे जास्त पक्कं समजतं.

म्हणून गुण सजावटीला नकोत. अनोळखी मुलांना नियम वाचून, न विचारता खेळता आलं का? खेळून पाहिल्यावर काय बदललं आणि का, हे लिहिलं का? एवढं तपासावं. चादरीच्या खोक्याचा पुठ्ठा आणि चिंचोके पुरतात. काम शाळेतच, गटात व्हावं, म्हणजे घरचा पैसा मध्ये येणार नाही.

"खेळून दहावी सुटणार का?" असं पालक विचारतील. विचारू द्या. त्यांना एक डाव खेळायला बसवा. मुलीने अम्मीला नियम समजावून सांगितले आणि अम्मीने त्यातली एक चूक दाखवली, तर त्या वर्षीचा प्रकल्प सार्थकी लागला असं मी समजेन.