गाळातील साक्षीदार

खानवेलची साकरतोड नदी दमणगंगेस मिळते. सिल्वासा-वापीच्या कारखान्यांजवळून ते पाणी दमणच्या समुद्रात जाते. त्याने तेथे काय बिघडले, हे कोणास विचारावे? आमच्या मते, गाळातील सूत्रकृमींना. (किड्याच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनी क्षमा करावी.) दूषित गाळातून नाजूक जाती नाहीशा होतात, चिवट तेवढ्या उरतात. जात ओळखावयाची ती प्रामुख्याने डोक्यावरून: ओठांभोवतीचे राठ केस, दोहों बाजूंची गंधेंद्रिये आणि काही कुळांत शिरस्त्राणासारखी जाड झालेली बाह्यत्वचा. वाढताना कृमी ही त्वचा चार वेळा टाकतो. तिची बारीक घडण मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीच उलगडते. २०२० पासून खानवेल आणि दमण एकाच प्रशासनाखाली आहेत. त्या प्रशासनाने दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या जाणत्यांकडून मुखाजवळचा गाळ दरवर्षी तपासून घ्यावा आणि निष्कर्ष लोकांपुढे मांडावेत.