जुन्या जलशालाही फिरती ढाल हवी

नवे नाटक चांगले वठले की त्याला बक्षीस मिळते, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. परंतु जुने संगीत नाटक पेटीतून बाहेर काढून नव्या पिढीसमोर उभे केले, म्हणून वेगळे बक्षीस देण्याची रीतही जगात आहे. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील नाटकांना 'टोनी' नावाचे पुरस्कार दिले जातात. त्यांत १९९४ सालापासून पुनरुज्जीवित संगीत नाटकासाठी स्वतंत्र पुरस्कार आहे.

२०१६ साली हा मान 'द कलर पर्पल' या नाटकाला मिळाला. ॲलिस वॉकर या कृष्णवर्णीय लेखिकेच्या १९८२ च्या कादंबरीवर ते बेतलेले आहे. घरातल्या पुरुषांचा मार खाऊन पिचलेली एक गरीब काळी बाई शिवणकामाच्या जोरावर स्वतःच्या पायावर उभी राहते, ही त्याची कथा. २००५ साली ते प्रथम मोठ्या थाटात झाले होते. पुन्हा उभे केले तेव्हा रंगमंचावर लाकडी फळ्या आणि काही खुर्च्या, एवढाच काय तो पसारा होता. थाट गेला, गाणे आणि माणूस राहिला, आणि पुरस्कार त्यालाच मिळाला.

या पुरस्काराची आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. २०१४ साली ज्या नाटकाला तो मिळाला, ते त्याआधी तिथल्या मोठ्या नाट्यगृहात कधी झालेच नव्हते. लहान नाट्यगृहात ते गाजले होते. लोकांनी आपले मानले म्हणून त्याला जुन्या, मान्यवर नाटकांत जागा मिळाली.

ही लांबची हकीकत आम्ही नाशिकच्या वाचकांना का सांगत आहोत? कारण मोठ्या नाट्यगृहात कधी न झालेले, पण लोकांनी आपले मानलेले संगीत नाटक आपल्याकडेही आहे. त्याचे नाव आंबेडकरी जलसा.

महाराष्ट्रात संगीत नाटकाची कदर होत नाही असे नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हापासूनची ती परंपरा आहे. राज्य शासन संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा भरवते. किर्लोस्करांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कारही देते. १९६७ चे 'कट्यार काळजात घुसली' २०१० मध्ये नव्या संचात पुन्हा आले, तेव्हा तरुणांनीही ते उचलून धरले. याचा आम्हांला आनंदच आहे. गाणे कोणा एका जातीच्या मालकीचे नसते. पण संगीत रंगभूमीचा इतिहास सांगताना गाडी किर्लोस्करांपासून निघते आणि आपल्या वस्तीच्या थांब्यावर न थांबताच पुढे जाते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आपल्या शहराने काय पाहिले ते आठवा. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड त्यात अग्रभागी होते. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. याच धगधगत्या वर्षांत भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा घेऊन गावोगाव फिरले. (वामनदादा कर्डक निराळे. तेही सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे. आडनाव एक, माणसे दोन, आणि काम एकाच निळ्या झेंड्याखालचे.)

जलशाने तमाशाचा सांगाडा घेतला, पण आतला जीव बदलला. बाई नाचवणे बंद केले. देवादिकांच्या कथा गेल्या, त्यांच्या जागी गावकी, सावकार, दारू, मेलेले ढोर ओढण्याची सक्ती आणि मुलांची शाळा हे विषय आले. ढोलकी, तुणतुणे आणि पेटी तीच राहिली. चाली कधी लोकगीताच्या, कधी त्या काळी गाजलेल्या नाटकांच्या आणि बोलपटांच्या असत. अक्षरशत्रू आईबापांना जे भाषणातून उमगले नसते, ते सवाल-जबाबातून हसत-हसत उमगले. कर्डकांचा एक जलसा आपल्या अनेक सभांच्या तोडीचा आहे, अशी पावती खुद्द बाबासाहेबांनी दिल्याचे आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

मग हा जलसा गेला कुठे? १९५६ नंतर गायन पार्ट्या आणि कव्वालीचे सामने पुढे आले. त्यांनी मोठे काम केले, ते आम्ही नाकारत नाही. पण जलशाला दहा-बारा माणसे, महिनाभराची तालीम आणि पाठ केलेले संवाद लागतात. गाणी टिकली, वग मागे पडला. आज १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीसमोर आपली मुले नाचतात, तेव्हा वाजणारे गाणे कोणत्या शाहिराचे, हे त्यांना सांगता येत नाही. शाहिराचे नाव पुसले की त्याचे कष्टही पुसले जातात.

पुरस्काराबाबत आपला अनुभव जुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. अडाणी कुणब्याला जोशी कसा लुबाडतो आणि शिक्षणानेच त्याची सुटका कशी होते, हे त्यात दाखवले. ते त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. छापून लोकांसमोर यायला त्याला १९७९ साल उजाडावे लागले. म्हणजे बक्षीस नाकारले की नुसती ढाल जात नाही, सव्वाशे वर्षे जातात.

पण मार्ग निघतो, हेही आपण पाहिले आहे. जोतीरावांच्याच जीवनावरचे गो. पु. देशपांडे यांचे 'सत्यशोधक' नाटक आधी हिंदीत झाले होते. २०१२ मध्ये अतुल पेठे यांनी ते मराठीत पुन्हा उभे केले. काम कोणी केले? पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांनी. पहाटे झाडू हाती धरणाऱ्या हातांनी जोतीराव-सावित्रीबाईंची कथा गाऊन दाखवली, आणि महाराष्ट्राने ती डोळे भरून पाहिली. तालमीला वेळ नाही, असे म्हणणाऱ्यांना हे पुरेसे उत्तर आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शासन कधी देईल याची वाट न पाहता नाशिकच्या जयंती मंडळांनी आणि बुद्धविहारांनी मिळून जुन्या जलशासाठी एक फिरती ढाल ठेवावी. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात ढाल, हार आणि चहापाणी सगळे भागेल. नियम थोडेच असावेत. नुसती गाणी नकोत, संवादासह वग हवा. रचना कोणाची, हे प्रयोगाआधी सांगावे. माहीत नसेल तर तसे सांगावे, पण दुसऱ्याचे गाणे आपल्या नावावर खपवू नये. त्या काळी बायकांची सोंगे पुरुष घेत. आता ती कामे आपल्या लेकींनी करावीत. जुने उभे करताना एवढा बदल जलशाच्या विचाराला धरूनच होईल. आणि ज्या संघाला ढाल मिळेल, त्याने वगाची एक स्वच्छ प्रत विहारात ठेवावी.

परीक्षक म्हणून एक शिक्षक, एक ढोलकीची जाण असलेला कलावंत आणि महिला मंडळाची एक भगिनी पुरे.

पण त्याआधीचे काम घरातले आहे. भीमराव कर्डकांनी १९७८ साली आंबेडकरी जलशांवर पुस्तक लिहून ठेवले, म्हणून त्यांचे काम आपल्याला कळते. ज्या शाहिरांनी पुस्तक लिहिले नाही, त्यांच्या वह्या कुणाच्या तरी ट्रंकेत, फडताळात पडून आहेत. रद्दीवाला येण्याआधी त्या पाहा. आजोबांना, आजीला दोन ओळी आठवत असतील तर मुलांना बसवून उतरवून घ्या. चाल मोबाईलवर भरून ठेवा. पाने पिवळी पडली असली तरी अक्षर वाचता येते, तोवरच ही निकड आहे.

पुढल्या जयंतीला एका वस्तीने तरी डीजेऐवजी जलसा उभा करावा. आम्ही पहिल्या रांगेत बसायला येऊ.

जयभीम.